सर्वांत कमी दराचा पंखा

सोमवार, ३

आज मुख्य आचाऱ्याने माझे मशरूम परत केले. कारखान्याच्या कॅन्टीनचा हा माणूस मोजकेच बोलतो. त्याने पिशवीत हात घातला, एक मशरूम दोन बोटांत धरून उजेडात फिरवला आणि विचारले, "छत्री कुठे आहे याची?"

मी त्याचे लक्ष देठाकडे वेधले. देठ वीतभर लांब आणि पांढराशुभ्र आहे. महिनाभर रोज पट्टीने मोजून मी त्याची नोंद ठेवली आहे, आणि खरे सांगायचे तर मला त्या देठाचा अभिमान होता. तो म्हणाला, देठ कोणी खात नाही. खोलीत हवा कोंडली की मशरूम माना लांब करतात आणि छत्र्या बटणाएवढ्या राहतात. कोंडलेली हवा बाहेर टाकणारा पंखा बसवा. बावीस तारखेला, शनिवारी सकाळी, त्याच दिवशी तोडलेला सहा किलो चांगला माल आणलात तर दर आठवड्याला घेईन. नाहीतर दुसरा माणूस बघून ठेवला आहे.

निवृत्त होऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत कोणी माझ्याकडून अमुक तारखेला अमुक वस्तू मागितल्याची ही पहिलीच वेळ. परतताना बसमध्ये मी 'बावीस, सहा किलो' असे मनात घोळवत होतो. माल परत आल्याचे दुःख व्हायला हवे होते, पण तितकेसे होत नव्हते.

घरी हिला सांगितले. मशरूमची खोली मुळात हिची शिवणाची खोली. दोन महिन्यांच्या बोलीवर घेतलेली, आता चौथा चालू आहे, आणि शिवणाचे मशीन जेवणाच्या टेबलाला खेटून उभे आहे. काल माझ्या ताटात टाचणी निघाली. ही शांतपणे म्हणाली, "बावीसला माल गेला तर खोली तुमची. नाही गेला तर तेवीसला तुमचे रॅक भंगारात आणि माझं मशीन आत." मग जरा थांबून, "छोटूला विचारू का?"

छोटू म्हणजे हिचा धाकटा भाऊ. वय बावन्न, दारातून आत यायचे तर थोडे तिरके व्हावे लागते. फ्रीज, एसी, पंखे यांची दुरुस्ती करतो. गेली सहा वर्षे त्याने आमच्या घराची पायरी चढलेली नाही. मी म्हटले, माझ्या खोलीचा पंखा मी स्वतः निवडेन. तीस वर्षे खरेदी विभागात काढली आहेत.

मंगळवार, ४

पंखा कसा निवडायचा याविषयी लोक उगाच गोंधळ घालतात. पद्धत ठरलेली आहे. तीन ठिकाणांहून बंद पाकिटात कोटेशन मागवायचे, तक्ता करायचा, सर्वांत कमी दर मंजूर करायचा. या पद्धतीने मी तीस वर्षांत खुर्च्या, कुलपे, बादल्या आणि एकदा तर एक जिना खरेदी केला.

सकाळी कार्बन घालून मागणीपत्र लिहिले: हवा बाहेर टाकणारा पंखा, नग एक, रंग पांढरा, भोक नऊ इंच, दर किफायतशीर असावा. चौकातला, पुलापलीकडचा आणि बस थांब्याजवळचा, अशा तिघा दुकानदारांना हातोहात दिले आणि पोच मागितली. चौकातला म्हणाला, "काका, पंखा समोर लटकलाय. किंमत त्याच्यावरच लिहिली आहे." मी त्याला पाकिटाचे महत्त्व समजावून सांगितले. मागे चार गिऱ्हाइके उभी होती, त्यांनीही ऐकले.

शुक्रवार, ७

पाकिटे दुपारी तीन वाजता जेवणाच्या टेबलावर उघडली. साक्षीदार म्हणून हिला बसवले. ही काज करत बसली होती, पण हजर होती.

पुलापलीकडच्याने दराऐवजी प्रश्नच लिहून पाठवले होते. खोली किती लांब, किती रुंद, किती उंच? पंखा दिवसभर चालणार का? आणि आत हवा कुठून येते? कोटेशनमध्ये आम्हाला उलटे प्रश्न विचारणे नियमात बसत नाही. बाद केले. ही म्हणाली, प्रश्न बरे वाटतात. मी म्हटले, साक्षीदाराने मत द्यायचे नसते.

चौकातल्याने लग्नाच्या निमंत्रणाच्या पाठीवर दर लिहिला होता. बस थांब्याजवळच्याने दर पाकिटावरच लिहून आत काहीच ठेवले नव्हते. बंद पाकिटाचा हेतूच त्यामुळे बारगळतो, पण दर सर्वांत कमी, चौकातल्याच्या जेमतेम निम्मा. मंजूर केला. संध्याकाळी पंखा घरी आला. वजनाला अगदी हलका आहे, एका हातात मावतो. तांत्रिक प्रगती म्हणतात ती हीच.

रविवार, ९

काचवाल्याने खिडकीच्या काचेला भोक पाडून दिले आणि मी स्वतः पंखा बसवला. जुने लांबुडके मशरूम सगळे काढून टाकले. आता भुशाच्या पिशव्यांमधून नवा माल येईल तो छत्रीवाला.

पंखा सुरू केला. आवाज भरपूर आहे. खोलीत धूळ येऊ नये म्हणून दाराची, खिडकीची, भिंतीची प्रत्येक फट मी आधीच चिकटपट्टीने बंद केलेली आहे. मुंगीला आत यायचे तर अर्ज करावा लागेल. हवा ओढली जाते का ते पाहण्यासाठी वहीचा कागद पंख्याला लावला. कागद सरळ खाली पडला. पाच वेळा लावला, पाच वेळा पडला.

यंत्र नवे आहे. नव्या कारकुनालाही आठवडाभर टेबल सापडत नाही.

मंगळवार, ११

खोलीत गेले की डोळे चुरचुरतात. कागद अजूनही पडतो.

जेवताना हिने विचारले, "बाहेर जायला आत हवा येतेच कुठून?" मी समजावले की पंखा हवा बाहेर टाकण्यासाठी घेतलेला आहे. हवा आत आणणे हा निराळा विषय झाला, त्यासाठी निराळी खरेदी करावी लागेल. ही माझ्याकडे बघत राहिली. मग उठून सज्जात गेली आणि वीस मिनिटे फोनवर हळू आवाजात बोलत होती. मैत्रीण असावी. मी कान दिला नाही, पण 'नऊ इंच' आणि 'दोन तास तरी' एवढे कानावर आलेच. बहुधा पडद्यांविषयी काही असेल.

खरे लिहायचे तर आज मला पहिल्यांदा भीती वाटली. अकरा दिवस राहिले. आचाऱ्याने दुसऱ्या माणसाला बोलावले तर माझे फार काही अडणार नाही, पेन्शन आहे. पण मग सकाळी उठून करायचे काय, हा प्रश्न परत समोर येऊन बसेल.

गुरुवार, १३

पंखा रुळला. जे मी म्हणत होतो तेच झाले.

दुपारी हिला अचानक मोरपंखी बटणे हवी झाली, तीसुद्धा शहराच्या दुसऱ्या टोकाच्याच दुकानातली. जायला-यायला अडीच तास लागले. दुकानदार म्हणाला, असली बटणे कोणत्याही गल्लीत मिळतात. बायकांच्या खरेदीला पद्धत म्हणून काही नसते.

आल्यावर खोलीत गेलो तर हवा हलकी वाटली. कागद लावला तर खाटकन चिकटला, आणि काढताना फाटला. पंख्याचा आवाजही बदलला आहे. आधी खडखडत होता, आता जबाबदारीने घुमतो. वजनदार झाल्यासारखा वाटतो. चार दिवसांत यंत्रात इतकी सुधारणा मी कधी पाहिली नव्हती.

रॅकच्या मागे, भिंतीला जमिनीलगत हाताएवढे भोक आणि त्यावर बारीक जाळी दिसली. हिने सांगितले, उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी बसवून घेतली. मी विचारले, पण भोक कशाला पाडले? ही म्हणाली, जाळी बसवायला. मला विचारल्याशिवाय आणि एकाच ठिकाणाहून दर घेऊन काम उरकल्याबद्दल मी थोडी नाराजी दाखवली. हिने ती ऐकून घेतली.

आणखी किरकोळ. मोरीत दोन कप होते, दोन्ही ओले. खोलीतल्या स्टुलाचा एक पाय मोडला आहे. स्टूल आमच्या लग्नातले. आज ना उद्या मोडायचेच होते.

रविवार, १६

पिशव्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे मशरूम आले आहेत आणि प्रत्येकाला छत्री आहे. सकाळपासून चार वेळा मोजले.

पण कडा सुकायला लागल्या होत्या. पंखा हवेबरोबर ओलही ओढून नेतो हे मला कोणी सांगितले नव्हते. बाटलीने पाणी फवारून माझे मनगट दुखायला लागले. ही दारातून म्हणाली, "सारखा कशाला चालवता? तासातून दहा मिनिटं चालला तरी पुरे." मी विचारले, हे तुला कोणी सांगितले? म्हणाली, "मला आपलं वाटलं." चाळीस वर्षांच्या संसारात हिला पंख्यांविषयी काही वाटल्याचे मला आठवत नाही.

जेवण झाल्यावर बटणे बदलून आणायला पाठवले. रंग गडद निघाला म्हणे. परत येऊन बघतो तो पंख्याशेजारी घड्याळाची एक डबी बसवलेली, दर तासाला दहा मिनिटे पंखा आपोआप सुरू करणारी. ही म्हणाली, पंख्याबरोबर फुकट असते, दुकानातून माणूस येऊन लावून गेला.

सर्वांत कमी दर भरून वर फुकट डबी. अशा दुकानदाराची दखल घेतली पाहिजे. लगेच आभाराचे पत्र लिहिले आणि स्वतः नेऊन दिले. त्याने ते दोनदा वाचले, माझ्याकडे बघितले, परत वाचले आणि कपाळाला लावून गल्ल्यात ठेवले. प्रामाणिक माणसांना स्तुतीची सवय नसते.

मंगळवार, १८

आज कोपऱ्यावर छोटूची व्हॅन उभी होती. तो आत बसून डबा खात होता. मी दिसताच त्याने मान दुसरीकडे वळवली. मीही घड्याळ पाहिल्यासारखे केले, हातात घड्याळ नव्हते तरी. आमच्या भागात त्याला बरेच काम लागलेले दिसते.

हे प्रकरण या वहीत कधी लिहिले नाही, आज लिहितो. सहा वर्षांपूर्वी कार्यालयातले पाणी थंड करायचे मशीन बिघडले. मी तीन कोटेशने मागवली, त्यांत एक छोटूचे होते आणि तेच सर्वांत कमी होते. आता मेहुण्याला काम दिले तर लोक काय म्हणतील? मी त्याच्या कागदावर 'नातेवाईक, बाद' असा शेरा मारला आणि काम दुसऱ्याला दिले. संध्याकाळी तो आमच्या दाराशी आला. आत आला नाही. म्हणाला, "भाऊजी, माझा दर जास्त होता का?" मी म्हटले, नाही. "माझं काम वाईट असतं का?" मी म्हटले, नाही. मग तो जिना उतरून गेला.

त्या दुसऱ्याने दुरुस्त केलेले मशीन तीन आठवड्यांत बंद पडले, हेही नोंदवून ठेवतो.

मी नियमाने वागलो असेच तेव्हा मानले आणि कार्यालयात माझे कौतुकही झाले. नियम सर्वांत कमी दराचा होता आणि तो मी आयुष्यात एकदाच मोडला, तो आपल्याच माणसासाठी उलटा मोडला, हे तेव्हा लक्षात आले नाही. ही त्याच्याकडे जाते, येते, माझ्याजवळ त्याच्याविषयी शब्द काढत नाही. सणासुदीला, आजारपणात, हिचा एकुलता एक भाऊ घरी नसतो आणि ही जेवताना चार घास कमी खाते. मला दिसत नाही असे हिला वाटते.

गुरुवार, २०

छत्र्या तळहाताएवढ्या झाल्या. कडा किंचित खाली वळलेल्या, रंग करडा, देठ आखूड. एका पिशवीसमोर स्टूल ठेवून (नवे घेतले) अर्धा तास नुसता बसून राहिलो. कॅन्टीनला फोन करून शनिवारचे पक्के केले. आचारी म्हणाला, "बघू." त्याच्या तोंडून हे बरेच झाले.

पंख्याने इतके केले, तर त्याचीही थोडी सेवा व्हावी म्हणून हिच्या शिवणाच्या मशीनच्या तेलाची बाटली आणून त्याच्यात ओतली. अर्धी घालणार होतो, मग पूर्णच घातली.

शनिवार, २२

काल लिहायला झाले नाही. आधी आजचे लिहितो, म्हणजे मन मोकळे होईल. माल गेला. सहा किलो चारशे ग्रॅम. आचाऱ्याने एकेक छत्री उलटी करून पाहिली, वास घेतला आणि 'बरे आहेत'सुद्धा न म्हणता त्याच्या वहीत पुढच्या शनिवारसमोर माझे नाव लिहिले. मी ते उलट्या बाजूने वाचले.

आता कालचे.

सकाळी खोलीत गेलो तर पंखा बंद. डबी टिकटिक करत होती, पंखा गुरगुरायचा आणि थांबायचा. पात्यांवर भुसा, मशरूमची पांढरी भुकटी आणि तेल यांचा चिखल झाला होता. खोलीत उकडायला लागले होते. छत्र्यांच्या कडा मऊ पडत होत्या. तोडावे तर अर्धा माल अजून एक दिवस मागत होता, आणि आचाऱ्याला शिळा चालत नाही. हिला काही न बोलता पंख्यावरच्या पट्टीचा नंबर कागदावर उतरवून घेतला आणि बस थांब्याजवळच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने नंबर वाचला आणि कागद परत दिला. "काका, हा पंखा माझा नाहीच. माझा असता तर इतके दिवस चाललाच नसता."

मी डबीचे विचारले. तो म्हणाला, तसली डबी तो कोणाला फुकट देईल असा दिसतो का? मग आभाराचे पत्र का घेतलेस, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. त्याने भिंतीकडे बोट केले. पत्र चौकटीत घालून लावले होते. "आजवर कोणी लिहिलं नव्हतं," तो म्हणाला.

घरापर्यंत चालत आलो. चालताना माझा तक्ता आपोआप तयार होत गेला. बदललेला आवाज. जमिनीलगतचे भोक. डबी. दोन कप. मोडलेले स्टूल. मोरपंखी बटणे, जी लावावीत असा एकही कपडा घरात कोणी शिवत नाही. कोपऱ्यावरची व्हॅन. सगळ्या रकान्यांची बेरीज एकच माणूस येत होती, आणि तो माझ्याकडून एक शब्दही न ऐकता, मला पत्ता लागू न देता, माझी खोली वाचवत होता. मी मात्र आभाराचे पत्र भलत्यालाच देऊन बसलो होतो. रस्त्यात उभे राहून मला इतकी लाज वाटली की समोरून येणाऱ्या बाईने तब्येत बरी आहे ना, असे विचारले.

घरी आलो तर ही मशीनवर शिवत बसली होती. मी इतक्या लवकर येईन असे हिला वाटले नसावे. म्हणाली, "बरं झालं आलात, जरा बटणं—"

"बटणं राहू देत," मी म्हटले. "फोन करायचाय."

"कोणाला?"

"छोटूला."

मशीन थांबले. ही सुईकडे बघत राहिली. बंद खोलीच्या दाराकडे हिने एकदा पाहिले, मग परत सुईकडे.

सहा वर्षांत नंबर बदललेला नव्हता. मी फोन लावला. इकडे माझ्या कानात घंटी वाजली आणि तिकडे मशरूमच्या खोलीत फोन वाजायला लागला.

मी दार उघडले. नव्या स्टुलावर छोटू उभा होता. उजवा हात खांद्यापर्यंत खिडकीच्या भोकात, डाव्या हातात मोटर, कपाळावर तेल, आणि शर्टाच्या खिशात फोन वाजतोय. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे त्याला तोंड फिरवूनही कुठे जाता येईना. आम्ही एकमेकांकडे पाहिले. तो जाड झाला आहे, केस पिकलेत. माझेही पिकले असतील.

"भाऊजी," तो खालमानेने म्हणाला, "खिशातला फोन तेवढा बघता का? कुणाचा आहे."

मी त्याच्या खिशातून फोन काढला, चालू केला आणि त्याच्या कानाला लावला. माझा माझ्या कानाशी होता. वाटेत चार चांगली वाक्ये जुळवली होती, त्यांतले एकही आठवेना. हातभर अंतरावरून मी फोनमध्ये बोललो, "छोटू, मी बोलतोय. तेव्हा मी चुकलो रे. पंखा बंद पडलाय, तोही माझ्याच हातून. येतोस का घरी?"

त्याचा श्वास मला समोरूनही ऐकू येत होता आणि फोनमधूनही. बाहेर ही दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"आलोच, भाऊजी," तो म्हणाला.